अठ्ठावीस मिलिमीटरचा शिपाई

करड्या प्लॅस्टिकचा एक शिपाई डोळ्यांसमोर आणा. उंची २८ मि.मी., म्हणजे साधारण तुमच्या अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी. एवढ्याशा उंचीत त्याचे शिरस्त्राण, मिशा, चिलखताच्या पट्ट्या, झग्याच्या चुण्या, कमरेचा पट्टा आणि पट्ट्याचे बक्कलसुद्धा कोरलेले आहे. रंग मात्र कुठेच नाही. तो ज्याने शिपाई विकत घेतला त्यानेच लावायचा, अशी या खेळातली रीत आहे.

हा खेळ म्हणजे टेबलावरची लढाई. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर ठोकळे मांडून आणि फासे टाकून खेळायचा युद्धखेळ पुढे आणला. तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होता. पुढे एच. जी. वेल्स या प्रसिद्ध विज्ञानकथाकाराने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांची लढाई घरात कशी खेळावी याचे नियमच सांगितले. १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ निघाला, आणि हळूहळू नॉटिंगहॅम शहराचा परिसर या बोटभर शिपायांचे माहेरघर बनला. आपल्याकडे हे शिपाई महागच पडतात. पण दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्या मुलांना ही हौस अगदीच परकी नाही, आणि या लेखातले बहुतेक प्रयोग मातीच्या मावळ्यावर किंवा जत्रेत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या सैनिकावर सहज करता येतील.

पहिला शिपाई रंगवणाऱ्याची फजिती बहुधा एकाच प्रकारची होते. तो डबीत ब्रश बुडवतो आणि घट्ट रंग थेट चेहऱ्यावर फासतो. एक हात नीट बसला नाही म्हणून दुसरा देतो. वाळल्यावर पाहतो तो नाक, डोळे आणि मिशा यांचा मिळून एक गुळगुळीत गोळा झालेला! मग ‘आपल्या हातात कलाच नाही’ असे म्हणून शिपाई खणात जातो. खरे तर दोष हाताचा नसतो. इथे साधे अंकगणित आडवे आलेले असते.

१६८ सें.मी. उंचीचा माणूस २८ मि.मी. करायचा तर त्याला साठपट लहान करावे लागते. आता घट्ट रंगाचा एक हात ०.१ मि.मी. जाड बसला असे धरा. शिपायाच्या दृष्टीने ही जाडी किती? तिला साठाने गुणा. उत्तर येते ६ मि.मी. दोन हात दिले तर १२ मि.मी. एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावर गवंड्याने थापीने गिलावा चढवावा, तसा हा प्रकार झाला. माणसाच्या उघड्या डोळ्याची फट साधारण १ सें.मी. उंच असते. शिपायाच्या चेहऱ्यावर ती ०.१७ मि.मी. भरते. दोन हातांत ती बुजली नाही तरच नवल!

शिपाई साठपट लहान झाला, पण रंगाचा थर लहान झाला नाही. या एका वाक्यात नव्या रंगाऱ्याच्या निम्म्या अडचणी आल्या. उरलेल्या अडचणीही याच जातीच्या आहेत, कारण लहान न होणाऱ्या वस्तू आणखी पुष्कळ आहेत. ब्रशचा गळलेला केस रंगात अडकला तर तो शिपायाच्या अंगावर जाड दोरखंडासारखा दिसतो. पाण्याचा पृष्ठताण शिपायासाठी कमी होत नाही. पाहणारा तुमचा डोळाही तोच, पूर्वीएवढाच. शिपाई बनवणारे कारागीर हे ओळखून असतात. ५ मि.मी. जाडीचे तलवारीचे पाते साठपट लहान केले तर ते वहीच्या कागदापेक्षा पातळ होईल आणि पहिल्याच खेळात मोडेल. म्हणून तलवार, तळहात आणि डोके मुद्दामच प्रमाणापेक्षा मोठे करतात.

आता कामाला लागू. साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर प्लॅस्टिकची बारीक रेघ उठलेली असते. ती चाकूच्या बोथट कडेने हलकेच खरवडा. मग शिपायाला साबणाच्या कोमट पाण्याने आंघोळ घाला. साच्यातून वस्तू सुटावी म्हणून लावलेला तेलकट पदार्थ आणि आपल्या बोटांचे तेल त्यावर असते. नुसत्या पॉलिस्टायरीनवर पाण्याचा थेंब ठेवून पाहा. तो काचेवर पसरतो तसा पसरत नाही, फुगून बसतो. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ जास्त, प्लॅस्टिकची कमी. पाण्यात कालवलेला रंग अशा पृष्ठभागावर गोळा होतो आणि वाळल्यावर नखानेही निघतो. म्हणून आधी प्रायमरचा, म्हणजे अस्तराचा, एक पातळ हात हवा. प्रायमर प्लॅस्टिकला घट्ट धरतो आणि स्वतःचा पृष्ठभाग किंचित खरबरीत ठेवतो. त्या खरबरीतपणात पुढचा रंग पाय रोवतो. मातीच्या मावळ्याची अडचण नेमकी उलटी असते. तो सच्छिद्र असतो आणि रंगातले पाणी पिऊन टाकतो. त्यालाही अस्तरच हवे, पण छिद्रे बुजवण्यासाठी.

प्रायमर फवाऱ्याच्या डब्यातूनही मिळतो. तो उघड्या हवेत, नाकावर फडके बांधून आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच वापरावा. इथे हवामानाचाही प्रश्न येतो. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात बारीक तुषार शिपायापर्यंत पोहोचण्याआधीच अर्धवट वाळतात आणि अंगावर रवा सांडल्यासारखे दिसतात. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, उलट घडते. द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले बाष्प त्यावर उतरते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. सकाळची कोरडी वेळ निवडणे किंवा सरळ ब्रशने प्रायमर लावणे बरे.

आता रंग. हे काम बहुधा ॲक्रिलिक रंगांनी करतात. त्यांत पाणी असते, रंगद्रव्याची अतिसूक्ष्म पूड असते आणि ॲक्रिलिक या बहुवारिकाचे कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की हे कण एकमेकांना भिडतात, दबतात, एकजीव होतात आणि त्यांचा पापुद्रा तयार होतो. रंगद्रव्य त्या पापुद्र्यात अडकून पडते. म्हणून ओला ॲक्रिलिक रंग पाण्याने धुता येतो, वाळलेला येत नाही. जाणते लोक सांगतात की रंग दुधाइतका पातळ करा आणि एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्या. अंकगणित तर आपण पाहिलेच. पातळ रंगात मुळात पाणीच जास्त. ते उडून गेले की मागे उरणारा थर ०.०१ ते ०.०२ मि.मी. एवढाच राहू शकतो. शिपायाच्या मापात तो सुमारे १ मि.मी.; जाड कापडाएवढा म्हणा. पहिल्या हातात खालचा रंग डोकावतो, तेव्हा घाबरू नये. मात्र एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये, नाहीतर अर्धवट जमलेला पापुद्रा ब्रशबरोबर उचकटून येतो. आणि पाण्याचा अतिरेकही नको. बहुवारिकाचे कण फार विरळ झाले की रंगद्रव्याला धरून ठेवणारे कोणी उरत नाही.

पिवळा आणि लाल हे रंग विशेष चिडवतात. काही पिवळी आणि लाल रंगद्रव्ये प्रकाश पुरेसा अडवत नाहीत, त्यामुळे काळ्या अस्तरावर ती मळकट दिसतात. अशा वेळी खाली पांढरे किंवा फिकट अस्तर ठेवले की प्रकाश त्या थरातून आत जातो, पांढऱ्यावरून परततो आणि रंग खुलतो.

ब्रश निवडताना नवशिका सगळ्यांत बारीक ब्रश मागतो. ‘काम बारीक, म्हणून ब्रश बारीक’ हा तर्क वरवर ठीक दिसतो, पण तो चुकीचा आहे. ब्रशचे पोट म्हणजे रंगाची टाकी. अगदी बारीक ब्रशात रंग इतका कमी राहतो की डब्यापासून चेहऱ्यापर्यंत जाईतो तो टोकावरच वाळतो. एक किंवा दोन नंबरचा, भरल्या पोटाचा आणि टोकदार ब्रश बरा. हे टोक कोण घडवते? इंग्लंडमधील भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. बॉइज यांनी १८८९-९० च्या हिवाळ्यात लंडनमध्ये मुलांसाठी साबणाच्या फुग्यांवर व्याख्याने दिली. त्यांत त्यांनी अगदी साधा प्रयोग दाखवला होता. तुम्हीही करा. कोरडा ब्रश पाहा. केस सुटे आहेत. तो पाण्याच्या पेल्यात पूर्ण बुडवा आणि बाजूने निरखा. केस अजूनही सुटेच! आता बाहेर काढा. सगळे केस एकत्र येऊन टोक तयार होते. म्हणजे नुसत्या ओलेपणाने केस जुळत नाहीत. पाण्याला हवेशी भिडलेला पृष्ठभाग लागतो. तो पृष्ठभाग ताणलेल्या रबरासारखा आकसू पाहतो आणि केसांना आवळतो. रंगाऱ्याचे सर्वांत नाजूक हत्यार असे पृष्ठताणाने बनलेले असते, धातूकामाने नव्हे.

टोक काढण्यासाठी ब्रश ओठांत धरण्याची सवय पुष्कळांना असते. ती मुळीच लावून घेऊ नका. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑरेंज या गावी १९१७ च्या सुमारापासून घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त चमकता रंग लावण्याचे काम तरुण मुली करीत. बारीक आकडे काढायचे, म्हणून ब्रश ओठांनी टोकदार करा असे त्यांना शिकवले जाई. प्रत्येक वेळी रेडियमचा कण पोटात जात होता. रेडियमचे रासायनिक वागणे कॅल्शियमसारखे असल्यामुळे ते हाडांत जाऊन बसते. अनेकींच्या जबड्यांची हाडे कुजली, कित्येक जणी दगावल्या. पाच जणींनी कोर्टात दाद मागितली, आणि १९२८ मध्ये कंपनीला तडजोड करून त्यांना भरपाई द्यावी लागली. आपल्या रंगांत रेडियम नसते हे खरे. पण काही रंगद्रव्ये कॅडमियम किंवा कोबाल्टची असतात, आणि डबीवर काहीही लिहिलेले असले तरी रंग ही खाण्याची वस्तू नव्हे. टोक ओल्या फडक्यावर फिरवूनही तितकेच छान निघते. जुने धातूचे शिपाई हाती आले तर आणखी जपावे. बिनशिशाचा मिश्रधातू सरसकट वापरला जाऊ लागला तो १९९० च्या दशकात. त्याआधीच्या शिपायांत शिसे असण्याचा पुष्कळ संभव. ते कानशीने घासू नयेत, आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

सावली कोण रंगवतो?

मूळ रंग लागले की शिपाई स्वच्छ दिसतो, पण जिवंत वाटत नाही. झग्याच्या चुण्या दिसेनाशा होतात. यावर एक झटपट उपाय आहे, आणि मला सगळ्या कामात हाच भाग सर्वांत आवडतो. गडद तपकिरी रंग पाण्याने खूप पातळ करा, चहाच्या कोऱ्या पाण्याइतका. त्यात भांड्यांच्या साबणाचा काडीच्या टोकावर मावेल एवढा अंश घाला, म्हणजे पृष्ठताण कमी होऊन पाणी नीट पसरेल. हा वॉश चुण्यांवरून सरळ फिरवा. तो उंचवट्यांवरून ओसरतो आणि खाचांत जमतो. वाळल्यावर खाचा गडद, उंचवटे उजळ!

पाणी उतारावरून खाली जाते, म्हणून ते खाचेत गेले असे कोणी म्हणेल. मग शिपायाला वॉश ओला असतानाच उलटा करून पाहा. खाचेतला रंग खाली गळत नाही, तिथेच राहतो. हे गुरुत्वाकर्षणाचे काम नाही, केशाकर्षणाचे आहे. दोन स्वच्छ काचा एकमेकींपासून अर्ध्या मिलिमीटर अंतरावर उभ्या धरून पाण्यात टेकवल्या तर पाणी त्यांच्यामध्ये सुमारे ३ सें.मी. वर चढते. आपला शिपाई आहेच मुळी २८ मि.मी. उंच! म्हणजे त्याच्या जगात अर्ध्या मिलिमीटरच्या फटीचे केशाकर्षण पाण्याला पायांपासून डोक्यापर्यंत नेऊ शकेल. खऱ्या माणसाच्या सदऱ्यावर बादलीभर रंगीत पाणी ओतले तर ते सरळ पायांशी जाईल, कारण तिथल्या चुण्या तीन-तीन सेंटिमीटर रुंद असतात आणि त्या मापात गुरुत्वाकर्षणाचे राज्य चालते. लहान झाल्यामुळे बिघडलेल्या गोष्टी आपण मघाशी पाहिल्या. ही एक गोष्ट मात्र लहान झाल्यामुळे रंगाऱ्याच्या फायद्याची झाली.

सपाट भागावर, उदाहरणार्थ ढालीवर, हाच वॉश वेगळेच रूप घेतो. वाळल्यावर मध्ये फिकट आणि कडेला गडद रेघ उमटते. टेबलावर सांडलेल्या चहाच्या थेंबाचेही असेच वर्तुळ राहते. थेंबाची कड जागच्या जागी अडकून बसते. कडेजवळ बाष्पीभवन जास्त वेगाने होते. तिथली तूट भरून काढण्यासाठी मधले पाणी कडेकडे वाहते आणि जाताना कण घेऊन जाते. इतक्या रोजच्या घटनेचे हे नीट स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी दिले ते १९९७ मध्ये, ‘नेचर’ या नियतकालिकात. रंगाऱ्याने करायचे एवढेच की सपाट जागी साचलेले तळे ओलसर ब्रशने लगेच टिपून घ्यायचे. इथेही ते ब्रशच्या केसांमधल्या फटींनीच ओढले जाते.

उंचवटे आणखी उजळवायचे तर फिकट रंगात ब्रश बुडवून तो कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि मग हलकेच फिरवायचा. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की नाण्याचा छाप उमटतो ना, तसाच फक्त उंच भागांना रंग लागतो. चिलखताच्या कड्या, केस, दगड यांसाठी ही युक्ती उत्तम. चेहऱ्यासाठी मात्र नको.

पण या साऱ्या सावल्या रंगवायच्याच कशासाठी? ‘प्रकाश लहान होत नाही, म्हणून लहान शिपायावर खरी सावली पडत नाही’ असे उत्तर या छंदातले लोक हमखास देतात. ते तपासून पाहू. दुपारी चार वाजता शिपायाला उन्हात ठेवा आणि शेजारी मित्राला उभे करा. दोघांच्या सावल्यांची उंचीशी तुलना करा. गुणोत्तर एकच येईल, कारण दोन्ही त्रिकोण समरूप आहेत. हनुवटीखालची सावली, काखेतली सावली, सगळे दोघांवर सारखेच. छाया कोनांवर अवलंबून असते, आणि वस्तू लहान केली तरी कोन बदलत नाहीत. तेव्हा ते उत्तर जसेच्या तसे बरोबर नाही.

खरी कारणे वेगळी आहेत. एक म्हणजे शिपाई उन्हात नसतो, खोलीत असतो. सूर्य आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून त्याच्या सावल्या रेखीव. खोलीत लांब ट्यूबलाइट, पांढऱ्या भिंती आणि खिडकी अशा सगळीकडून प्रकाश येतो आणि खाचांतही शिरतो. दुसरे कारण प्लॅस्टिकचे. ते किंचित दुधी असते. प्रकाश त्यात शिरून विखुरतो आणि थोड्या अंतरावरून बाहेर पडतो. पुतळा पुरुषभर उंच असता तर हे अंतर कुठेच जाणवले नसते. पण अर्ध्या मिलिमीटरच्या चुणीत तेवढ्याने सावली धुऊन निघते. पेटत्या मेणबत्तीचे टोक पाहा, तेही असेच आतून उजळलेले दिसते. प्रायमरचा अपारदर्शक थर हा दोष घालवतो. कोऱ्या प्लॅस्टिकवर न दिसलेला चेहरा अस्तर लागताच एकाएकी स्पष्ट होतो, तो यामुळेच.

तिसरे कारण डोळ्याचे. टेबलावरचा शिपाई आपण साधारण १ मीटरवरून पाहतो. तो साठपट लहान, म्हणजे खरा माणूस ६० मीटरवरून पाहिल्यासारखाच झाला. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर लांब असते. तीन खेळपट्ट्यांइतके अंतर मैदानावर मोजा, तिथे मित्राला उभे करा आणि त्याचे डोळे कुठे पाहतात ते सांगा. सांगता येणार नाही. निरोगी डोळ्याला एका अंशाचा साठावा भाग एवढ्या कोनाचे तपशील जेमतेम ओळखता येतात. १ मीटरवर हे माप सुमारे ०.३ मि.मी. पडते. शिपायाचा डोळा, ओठांची रेघ, बक्कल हे सगळे या मर्यादेच्या काठावर किंवा तिच्याही खाली. त्यांचा आकार आपण वाढवू शकत नाही, मग गडद आणि उजळ यांतला फरक वाढवायचा. नाटकातला नट काय करतो? जवळून पाहिले तर त्याच्या भुवया आणि डोळ्यांतले काजळ भडक वाटते, पण शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला त्यामुळेच चेहरा वाचता येतो. रंगवलेला शिपाई भिंगाखाली अतिरंजित दिसला तर तो चुकला असे समजू नये. तो टेबलापलीकडून कसा दिसतो ते पाहावे.

डोळे सगळ्यांत शेवटी, आणि पहिल्या दोन-तीन शिपायांचे तर रंगवूच नयेत, असे माझे मत आहे. खोबणीतला वॉश पुरेशी नजर देतो. ६० मीटरवरच्या माणसाच्या डोळ्यांजागी आपल्याला नाहीतरी सावलीच दिसते.

राहता राहिला वरचा पारदर्शक लेप, म्हणजे व्हार्निश. खेळताना बोटांनी रंग झिजू नये म्हणून तो देतात. चकचकीत व्हार्निश जास्त टिकाऊ असते, पण त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खिडकीचे प्रतिबिंब लखलखते आणि कष्टाने रंगवलेल्या सावल्या त्याखाली दडतात. मॅट व्हार्निशमध्ये सिलिकासारखी बारीक पूड असते. तिच्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म खरबरीत राहतो आणि प्रकाश चहूकडे विखुरतो. काही जण आधी चकचकीत आणि वाळल्यावर त्यावर मॅट, असे दोन्ही देतात. बाटली वापरण्यापूर्वी चांगली हलवावी, कारण पूड तळाशी बसते. दोन सारखे मावळे घेऊन एकाला चकचकीत आणि दुसऱ्याला मॅट व्हार्निश द्या आणि दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवा. मग मॅट मावळ्याच्या फक्त तलवारीला चकचकीत व्हार्निशचा एक हात देऊन पुन्हा पाहा.